पाणी ओसरल्यानंतरचे ४८ तास : खान्देशातील तिन्ही जिल्ह्यांच्या प्रशासनास खुले पत्र

प्रति,
मा. जिल्हाधिकारी, जळगाव, धुळे व नंदुरबार,
मा. मुख्य कार्यकारी अधिकारी, तिन्ही जिल्हा परिषदा,
मा. आयुक्त व मुख्याधिकारी, खान्देशातील महानगरपालिका, नगरपरिषदा व नगरपंचायती

विषय : घरात शिरलेल्या गटाराच्या पाण्यानंतरची स्वच्छता आणि तिला आडवी येणारी पंचनाम्याची रीत

महोदय, महोदया,

हतनूर धरणाच्या ४१ दरवाजांपैकी किती उघडले, गिरणा धरण किती टक्के भरले आणि अक्कलपाडा धरणातून पांझरा नदीत किती क्युसेक पाणी सोडले, हे पावसाळ्यात आपल्याकडच्या शाळकरी मुलालाही ठाऊक असते, कारण आपली यंत्रणा ते वेळोवेळी कळवत असते. नदीकाठच्या गावांना सावध करण्याचे हे काम आता पूर्वीपेक्षा पुष्कळ चांगले होते, हे मी मोकळेपणाने मान्य करतो. मात्र पाणी ओसरले की ही तत्परताही ओसरते, आणि ज्या घरातून गुडघाभर गटार वाहून गेले त्या घराने काय टाकावे, काय धुवावे, कशाने धुवावे आणि तोवर काय प्यावे, हे सांगायला उंबऱ्याशी कोणीही येत नाही. मी ३१ वर्षे आरोग्य खात्यात आधी आरोग्य सेवक आणि नंतर आरोग्य सहायक म्हणून काम केले, त्यांतील बराचसा काळ विहिरींत टी.सी.एल., म्हणजे ब्लीचिंग पावडर, टाकण्यात आणि नळाच्या पाण्यात क्लोरीन उरले आहे का हे पाहणारी ओ.टी. चाचणी घेण्यात गेला, म्हणून हे पत्र लिहिण्याचा थोडा अधिकार मला आहे असे मी समजतो.

पूर म्हटला की आपल्या डोळ्यांसमोर नदी येते, आणि ते साहजिक आहे. २०१९ च्या ऑगस्टमध्ये पांझरेने धुळ्यात काय केले आणि ३१ ऑगस्ट २०२१ रोजी तितूर व डोंगरी या नद्यांनी चाळीसगावात काय केले, हे लोक अजून विसरलेले नाहीत. पण नदी गावात शिरते तेव्हा ती एकटी शिरत नाही. वाटेतले उकिरडे, गटारे, गोठे आणि शौचालयांच्या टाक्या पोटात घेऊन ती आपल्या ओसरीवर येते. शहरात तर नदीचीही गरज उरलेली नाही. अर्धा तास जोराचा पाऊस झाला आणि प्लॅस्टिकने, राडारोड्याने भरलेला नाला तुंबला, की पाणी चेंबरमधून उलटे फिरून मोरीच्या जाळीतून आणि शौचालयाच्या भांड्यातून घरात उसळते. बाहेरून येणारे पाणी उंबऱ्यावर मातीच्या गोण्या रचून काही काळ तरी अडवता येते, पण घराच्या पोटातूनच वर येणाऱ्या पाण्यापुढे त्या गोण्यांचा काही इलाज चालत नाही. या दोन पाण्यांत लोक फरक करत नाहीत, आणि आपल्या कागदोपत्रीही तो होत नाही. दोन्ही ठिकाणी ‘अतिवृष्टीमुळे घरात पाणी शिरले’ एवढेच लिहिले जाते. माझ्या मते पहिली चूक या एका वाक्यात आहे, कारण हे नुसते पाणी नसते, ती पातळ झालेली विष्ठा असते.

आमच्या गल्लीत हे तीन वर्षांपूर्वी श्रावणात, कानबाईच्या, म्हणजे खान्देशातल्या देवीच्या सणाच्या, आदल्या आठवड्यात घडले. गावाचे नाव मुद्दाम लिहीत नाही, कारण जे आमच्याकडे झाले ते आपल्या अखत्यारीतील कोणत्याही तालुक्याच्या गावी होऊ शकते. रात्री दोनच्या सुमारास १९ घरांत मोरीवाटे पाणी आले आणि पहाटेपर्यंत उतरले. सकाळी मी फिरलो तेव्हा प्रत्येक ओट्यावर भिजलेल्या गाद्या, गोधड्या, उशा आणि धान्याची पोती मांडून ठेवलेली होती. मी म्हणालो, हे आधी घरापासून लांब न्या. शेजारच्या आजी म्हणाल्या, “भाऊ, पानी उतरी गय, पन घरमा वास तसाच शे,” आणि लगेच पुढे हेही सांगितले की पंचनामा होईपर्यंत कशालाही हात लावायचा नाही, असा निरोप आलेला आहे. पंचनाम्याला माणूस सहाव्या दिवशी आला. त्याचाही दोष नव्हता, कारण त्याच्याकडे तीन सजे (तलाठ्याच्या कामाची क्षेत्रे) होते आणि शेतांचे पंचनामेही त्यालाच करायचे होते. पण त्या सहा दिवसांत गटाराचे पाणी प्यालेला कापूस ओट्यावर आंबत राहिला, माश्या त्यावरून स्वयंपाकघरात आणि स्वयंपाकघरातून त्यावर फिरत राहिल्या, लहान मुले त्याच गाद्यांवर उड्या मारत राहिली, आणि कानबाई तोंडावर आल्यामुळे बायकांनी ओल्या भिंतींवरच रंगाचा हात फिरवून घेतला. पाचव्या आठवड्यात गल्लीत काविळीचे चार रुग्ण निघाले, त्यांत बाळंतपणासाठी माहेरी आलेली एक लेक होती. ती वाचली, बाळही वाचले. कावीळ त्या रात्रीच्या पाण्यानेच झाली हे मी सिद्ध करू शकत नाही, कारण त्या वेळी कोणी पाण्याचा नमुनाच घेतला नव्हता. आणि तो का घेतला नव्हता, हा प्रश्न मी स्वतःलाही विचारतो.

माझी मुख्य विनंती एवढीच आहे की पंचनामा आणि स्वच्छता यांचा क्रम आपण उलटा करावा. भिजलेल्या वस्तूवर बुरशी धरायला २४ ते ४८ तास पुरतात, आणि मलमूत्राने भिजलेली गादी तर पहिल्या तासापासूनच टाकण्याच्या लायकीची असते. पुरावा म्हणून ती वस्तू जागेवर राखून ठेवावी लागणे याचा अर्थ असा होतो की मदत हवी असेल तर आजाराची जोखीम घ्या, आणि गरिबाला ही निवड करायला लावणे मला योग्य वाटत नाही. आज बहुतेक घरांत एक तरी मोबाइल असतो. घरधन्याने किंवा शेजाऱ्याने भिंतीवरची पाण्याची खूण दिसेल असे प्रत्येक खोलीचे आणि प्रत्येक वस्तूचे छायाचित्र तारखेसह काढावे, दोन शेजाऱ्यांच्या सह्यांनिशी साध्या कागदावर यादी करावी, ती यादी आशाताई, अंगणवाडी सेविका किंवा ग्रामपंचायतीचा शिपाई यांपैकी कोणीही त्याच दिवशी पाहून शेरा द्यावा, आणि एवढे झाल्यावर वस्तू टाकून दिली तरी मदतीचा हक्क जात नाही, असे स्पष्ट शब्दांत लिहिलेले परिपत्रक आपण मे महिन्यातच काढावे. आपत्ती व्यवस्थापन अधिनियम, २००५ नुसार जिल्हा प्राधिकरणाचे अध्यक्षपद जिल्हाधिकाऱ्यांकडे असते, आणि आपत्तीच्या काळात स्थानिक यंत्रणांना निर्देश देण्याचे अधिकारही या कायद्याने प्राधिकरणाला दिलेले आहेत, तेव्हा यासाठी मुंबईकडे पाहत बसण्याचे कारण मला दिसत नाही. वस्तू फेकायची म्हटल्यावर ती नेणार कोण, हाही प्रश्न उरतो. अशा गल्लीसाठी घंटागाडीपेक्षा वेगळी गाडी दोन दिवस फिरवावी लागेल, नाहीतर तीच गादी ओट्यावरून उचलून नाल्यात टाकली जाईल आणि पुढच्या पावसात नाला पुन्हा तिथेच तुंबेल.

आता घरातल्या कामाविषयी जरा विस्ताराने लिहितो, कारण आपल्याकडून लोकांपर्यंत जाणाऱ्या सूचना बहुधा ‘पाणी उकळून प्या व परिसर स्वच्छ ठेवा’ या एका ओळीत संपतात, आणि त्या ओळीने कोणाचे घर स्वच्छ होत नाही.

घरात पाय टाकण्यापूर्वी वीज बंद हवी. मेन स्विच कोरड्या जागी असेल आणि कोरड्या पायांनी तिथे पोहोचता येत असेल तरच तो स्वतः पाडावा. बोर्डच पाण्यात असेल तर वायरमन खांबावरून वीज तोडेपर्यंत बाहेर थांबावे, कारण फ्रीज वाचवायला आत गेलेल्या माणसाचा जीव फ्रीजपेक्षा मोलाचा असतो. दुसरी बाब आपल्या धाब्याच्या, म्हणजे मातीच्या सपाट छताच्या, घरांची आहे. जाड मातीच्या भिंती पाणी शोषून जड होतात, आणि त्या पूर आलेला असतानाच पडतात असे नाही. पुष्कळदा ऊन पडल्यावर, दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी त्या खालून खचतात, म्हणून भिंतीचा पाया फुगलेला दिसत असेल किंवा धाब्याखालची लाकडे सरकलेली असतील तर त्या खोलीतले सामान काढण्याचीही घाई करू नये. कोपऱ्यातल्या ढिगाऱ्यात हात घालण्याआधी काठीने चाचपावे, कारण पाण्याने बिळांतून बाहेर काढलेले साप आणि विंचू आसरा शोधत तिथेच येतात.

साफसफाई करणाऱ्याने गमबूट आणि रबरी हातमोजे घालावेत. ते नसतील तर, मी अनुभवाने सांगतो, युरियाच्या जाड पिशव्या पायांवर गुडघ्यापर्यंत बांधल्या तरी काहीच नसण्यापेक्षा बरे. पायाला भेग असेल, चिखल्या झाल्या असतील किंवा ताजी जखम असेल तर त्या माणसाने या कामात उतरूच नये, कारण लेप्टोस्पायरोसिसचे जंतू, जे उंदरांच्या आणि जनावरांच्या मूत्रातून पाण्यात येतात, फाटलेल्या त्वचेतून सहज शरीरात शिरतात. काम करताना खरचटले तर जखम लगेच साबणाने व स्वच्छ पाण्याने धुऊन धनुर्वाताच्या लसीची चौकशी करावी, आणि पुढच्या महिन्याभरात ताप येऊन पोटऱ्या दुखू लागल्या किंवा डोळे लाल झाले तर डॉक्टरांना ‘मी गटाराच्या पाण्यात उभा होतो’ हे न विचारता सांगावे. लहान मुलांना आणि गरोदर स्त्रियांना तर या कामापासून लांबच ठेवावे. आपल्या घरांत सफाईचे काम बायकांच्याच वाट्याला येते आणि माहेरी आलेली लेक स्वस्थ बसत नाही, म्हणून हे जरा बजावून सांगावे लागते.

लोकांची सगळ्यांत मोठी चूक अशी की ते चिखलावरच पावडर टाकतात. क्लोरीन घाण दिसली की आधी घाणीवरच खर्च होते आणि जंतूंसाठी काही उरत नाही. त्यामुळे आधी फावड्याने आणि घमेल्याने गाळ उपसायचा, मग साध्या पाण्याने आणि साबणाच्या पावडरीने फरशी व भिंत पाण्याच्या खुणेच्या हातभर वरपर्यंत खराट्याने घासायची, ते पाणी वाहून जाऊ द्यायचे, आणि त्यानंतरच टी.सी.एल.चे द्रावण वापरायचे. ताज्या पावडरीत सुमारे ३३ टक्के क्लोरीन असते. अशी पावडर १० लिटरच्या बादलीत १५० ग्रॅम कालवली की अर्ध्या टक्क्याचे द्रावण होते. ते थोडा वेळ निवळू द्यावे, वरचे पाणी वापरावे, आणि भिंत-फरशी निदान दहा मिनिटे, शक्य तर अर्धा तास ओली ठेवून मग पुसावी. दारे-खिडक्या सताड उघड्या असाव्यात. या द्रावणात शौचालय धुण्याचे अ‍ॅसिड कधीही मिसळू नये, कारण त्यातून विषारी क्लोरीन वायू निघतो. ‘दोन्ही टाकले की जास्त स्वच्छ होते’ हा समज घराघरांत आहे आणि तो जिवावर बेतू शकतो. त्याचप्रमाणे गोठ्यात, जिथे जमीन मूत्राने मुरलेली असते, तिथे आधी भरपूर पाण्याने धुतल्याशिवाय ब्लीचिंगचे द्रावण ओतू नये, तिथेही घसा आणि डोळे जाळणारा वायू तयार होतो. शेणाने सारवलेली जमीन धुता येत नाही. तिचा वरचा ओला थर खरवडून घराबाहेर पुरावा, जमीन पूर्ण कोरडी होऊ द्यावी आणि मगच नवी माती घालून सारवावे. ओल्या भिंतीला रंग देऊ नये, सणाच्या आदल्या दिवशीही नाही.

काय ठेवावे आणि काय टाकावे याबाबत मी लोकांना एकच कसोटी सांगत असे: जी वस्तू पाणी पिते ती टाका, जी पीत नाही ती धुवा. स्टील, पितळ, काच, प्लॅस्टिकची खुर्ची, लोखंडी कपाट हे धुऊन, द्रावणाने पुसून, उन्हात वाळवून वापरता येते. कापसाची गादी, उशी, लाकडी भुश्श्याचे फर्निचर, पुठ्ठा आणि बाळाची दुधाची बाटली हे जायलाच हवे. लुगडी आणि चादरी गरम पाण्यात साबणाने वेगळ्या धुऊन कडक उन्हात वाळवल्या तर वाचतात. गोधडीचे मात्र सांगवत नाही, कारण ती आजीने शिवलेली असते आणि आतला थर वाळत नाही. धान्याच्या बाबतीत मी लोकांशी खूप भांडलो आहे. दादरचे, म्हणजे रब्बी ज्वारीचे, पोते गटारात भिजले तर ते उन्हात वाळवून दळणे म्हणजे बुरशीचे विष, ज्याला अफ्लाटॉक्सिन म्हणतात, पिठात घेणे होय. ते विष ना निवडण्याने जाते ना भाजण्याने जाते. तेच धान्य गुरांना घालणे हाही उपाय नाही. वर्षभराची ज्वारी फेकायला सांगणे सोपे नसते हे मी जाणतो, आणि म्हणूनच टाकून दिलेल्या धान्याच्या बदल्यात तालुक्याच्या गोदामातून लगेच धान्य मिळाले तरच लोक ते टाकतील. नुसत्या प्रबोधनाने हे होणार नाही.

टी.सी.एल. पावडरीविषयी आपल्यालाच काही सांगणे आहे. ही पावडर हवा, ऊन आणि दमट जागा लागली की आपोआप निर्बळ होते, आणि मी माझ्या नोकरीत पुष्कळ ग्रामपंचायतींत तोंड उघडे असलेल्या पोत्यात, छत गळणाऱ्या खोलीत ठेवलेली पावडर पाहिली आहे. अशा पावडरीने विहीर शुद्ध केल्याची नोंद होते, विहीर मात्र तशीच राहते. चांगल्या प्रतीच्या पावडरीचे प्रमाण हजार लिटरला अडीच ग्रॅम आहे. पावडरच मेलेली असेल तर या हिशेबाला अर्थ राहत नाही. पावसाळ्यापूर्वी प्रत्येक साठ्याचा नमुना प्रयोगशाळेत तपासावा आणि पुराच्या वेळी घरोघरी वाटण्यासाठी दीडशे-दीडशे ग्रॅमच्या हवाबंद पुड्या, वर मराठीत ‘एका बादलीसाठी’ असे छापून, आधीच तयार ठेवाव्यात. रस्त्याच्या दोन्ही कडांना पांढरी रेघ ओढण्यासाठी जेवढी पावडर खर्च होते, तेवढ्यात एक गल्ली आतून स्वच्छ होते. ती रेघ पाहुण्यांच्या गाडीतून छान दिसते, एवढाच तिचा उपयोग मला आजवर कळला आहे.

आता नळाचे पाणी. आपल्याकडच्या अनेक गावांत नळाला चार-चार, आठ-आठ दिवसांनी पाणी येते, आणि याचा गटाराशी काय संबंध हे फार थोड्यांना समजावले गेले आहे. पाइपमध्ये पाणी दाबाने भरलेले असते तेव्हा फुटक्या जोडातून ते बाहेर गळते. पाणी बंद झाले की पाइप रिकामा होऊन बाहेरचे गटार त्याच जोडातून आत ओढले जाते. त्यात दाब कमी म्हणून लोकांनी नळ जमिनीखाली खड्ड्यात नेले आहेत, ते खड्डे पावसाळ्यात गटाराने भरतात, आणि नळ सुटल्या सुटल्या मोटार लावली की ओढीने आणखी घाण आत येते. पहिले पाणी दहा-पंधरा मिनिटे सोडून द्यावे हा नियम आम्ही शिकवायचो, पण आठ दिवसांनी पाणी आलेल्या घराला ‘पहिले पाणी सांडा’ म्हणणाऱ्याने आधी तिथे आठ दिवस राहून पाहावे. म्हणून गटारातून गेलेल्या नळजोडण्या वर उचलून घेण्याचे काम पालिकेचे आहे, नागरिकांच्या प्रबोधनाचे नाही. भारतीय मानक १०५००, २०१२ नुसार नळाच्या पाण्यात मुक्त क्लोरीन किमान ०.२ मिलिग्रॅम प्रतिलिटर असावे, आणि १०० मिलिलिटर नमुन्यात ई. कोलाय मुळीच आढळू नये. ओ.टी. चाचणी मात्र बहुधा टाकीच्या पायथ्याशी घेतली जाते, जिथे क्लोरीन असणारच. ती वस्तीच्या शेवटच्या नळावर, पाणी सुटल्यानंतर घ्यावी, आणि घरात पाणी शिरलेल्या प्रत्येक गल्लीत सलग आठ दिवस घ्यावी.

घरातल्या जमिनीखालच्या हौदात गटार गेले असेल तर तो पूर्ण उपसून, घासून, हजार लिटरला सुमारे १५० ग्रॅम पावडर या प्रमाणात भरून बारा तास ठेवावा, नंतर ते पाणी पिण्यास न वापरता सोडून द्यावे आणि मग नवे पाणी भरावे. हौदात कोणाला उतरवायचे असेल तर झाकण आधी बराच वेळ उघडे ठेवावे आणि वर एक माणूस उभा असावा. पिण्याचे पाणी गढूळ असेल तर तुरटी फिरवून, गाळ बसल्यावर चार पदरी कापडातून गाळून मग एक मिनिटभर खळखळून उकळावे. उकळणे शक्य नसेल तिथे मेडिक्लोर (पाण्यात टाकायचे क्लोरीनचे औषध) वापरावे, बाटलीवर लिहिलेल्या मात्रेने आणि अर्धा तास थांबून. गढूळ पाण्यात क्लोरीन नीट काम करत नाही, हे आशाताईंनाही पुन्हा एकदा सांगावे लागेल.

शौचालयाच्या टाक्यांबाबत मी थोडक्यात लिहितो, कारण इथे चूक झाली तर चर्चेला माणूस उरत नाही. टाकीतला वायू माणसाला ओरडण्याइतकाही अवधी देत नाही, आणि पहिल्याला काढायला दुसरा उतरला की दोघेही जातात. हाताने मैला साफ करण्यास बंदी घालणाऱ्या २०१३ च्या कायद्याने माणसाला संरक्षक साधनांशिवाय टाकीत वा गटारात उतरवणे गुन्हा ठरवले आहे, आणि सर्वोच्च न्यायालयाने २० ऑक्टोबर २०२३ च्या निकालात अशा मृत्यूची भरपाई ३० लाख रुपये केली आहे. तरीही पूर गेल्यावर दोनशे रुपये देऊन चेंबरमध्ये माणूस उतरवला जातो, आणि तो माणूस कोण असतो हे आपण आणि मी दोघेही जाणतो. प्रत्येक तालुक्याला पावसाळ्यात एक सक्शन मशीन राखीव असावे. जमीन गच्च भिजलेली असताना टाकी एकदम पूर्ण रिकामी करू नये, विशेषतः प्लॅस्टिकची तयार टाकी, कारण भूजलाच्या दाबाने ती वर उचलली जाते. नव्या बांधकामाला परवानगी देताना सांडपाण्याच्या पाइपवर पाणी उलटे न येऊ देणारी झडप सक्तीची करावी. जुन्या घरांनी पाऊस वाढल्यावर शौचालयाच्या भांड्यात आणि मोरीच्या तोंडावर वाळूची पिशवी दाबून ठेवावी, एवढे तरी आपण दवंडीने सांगू शकता.

शेवटचा मुद्दा काविळीचा. अशा घटनेनंतर आरोग्य पथक चार-पाच दिवस गल्लीत फिरते, ओ.आर.एस. वाटते, जुलाबाचे रुग्ण मोजते आणि रुग्ण घटले की निघून जाते. कॉलऱ्यासाठी हे पुरेसे असेल, कारण तो काही तासांत ते पाच दिवसांत दिसतो. हिपॅटायटिस ई चे तसे नाही; ती कावीळ दिसायला दोन ते आठ आठवडे लागतात, म्हणजे पथक निघून गेल्यावर रुग्ण निघू लागतात. दिल्लीत १९५५-५६ च्या हिवाळ्यात नजफगढ नाल्याचे पाणी यमुनेत उलटे येऊन शहराच्या पाणी उपशाजवळ पोहोचले, तेव्हा क्लोरीनची मात्रा वाढवल्यामुळे विषमज्वर वाढला नाही, पण काविळीचे सुमारे २९ हजार रुग्ण झाले. तो हिपॅटायटिस ई होता हे पुष्कळ वर्षांनी, जपून ठेवलेल्या रक्तनमुन्यांवरून कळले. गरोदरपणाच्या शेवटच्या तीन महिन्यांत हा आजार झाला तर शंभरात २० ते २५ स्त्रिया दगावू शकतात. म्हणून माझी विनंती अशी की घरात गटार शिरलेल्या गल्लीची यादी आठ आठवडे उघडी ठेवावी, आशाताईने आठवड्यातून एकदा तिथल्या प्रत्येक गरोदर स्त्रीला, माहेरी आलेल्या लेकीसह, भेटावे, आणि तिचे पिण्याचे पाणी त्या काळात उकळलेलेच आहे ना हे स्वयंपाकघरात जाऊन पाहावे. लेक सासरच्या गावच्या यादीत असते आणि माहेरच्या यादीत नसते, त्यामुळे नेमकी तीच नजरेतून सुटते. आमच्या गल्लीत तेच झाले.

मान्सूनपूर्व आढावा बैठकीत बोटी, लाइफ जॅकेट आणि नियंत्रण कक्षांचे दूरध्वनी यांवर चर्चा होते आणि ती व्हावीच. त्या बैठकीत पंचनाम्याच्या परिपत्रकाला, पावडरीच्या पुड्यांना आणि आठ आठवड्यांच्या यादीला मिळून अर्धा तास मिळावा, अशी माझी लेखी मागणी समजावी. परिपत्रकाचा कच्चा मसुदा आणि छायाचित्रांसोबत जोडावयाच्या यादीचा एक पानी नमुना मी तयार केला आहे. बोलावणे आले तर ते घेऊन तिन्हींपैकी कोणत्याही जिल्ह्याच्या ठिकाणी स्वखर्चाने येईन.

आपला विश्वासू,
गिरणाकाठचा एक निवृत्त आरोग्य सहायक